जुन्या पीसीचं नेटवर्क कार्ड: ड्रायव्हर चढतो, पण पिंग जात नाही

वर्कशॉपमधल्या वायरकट किंवा सीएनसी मशीनशेजारी, लॅबमधल्या एखाद्या उपकरणापाशी डॉस ६.२२ किंवा विंडोज ९८चा पीसी अजून टिकून असतो, कारण त्या मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही. फ्लॉपी मिळेनाशा झाल्या, ड्राइव्ह वाचत नाही, म्हणून कुणीतरी आत आयएसए (जुन्या जातीचा स्लॉट) किंवा पीसीआय (त्यानंतरचा स्लॉट) नेटवर्क कार्ड बसवतं. मग तोच प्रश्न येतो: या कार्डावर चालेल असं नेटवर्किंग सॉफ्टवेअर कोणतं?

एफटीपी, टेलनेट किंवा फाइल शेअरिंगच्या प्रोग्रामला कार्ड कुठल्या कंपनीचं आहे याचं काही देणंघेणं नसतं. त्याला हव्या त्या जातीचा ड्रायव्हर खाली चढलेला असला की झालं. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी चिप ओळखा, मग त्या चिपचा योग्य जातीचा ड्रायव्हर, मग त्या जातीवर चालणारं सॉफ्टवेअर, आणि शेवटी पलीकडच्या संगणकाला समजेल असा प्रोटोकॉल. उलट बाजूने सुरुवात केली की डाउनलोड केलेल्या पंधरा झिप फाइली जमतात आणि पिंग (पलीकडचा संगणक उत्तर देतो का ते पाहणारी आज्ञा) काही जात नाही.

चिप ओळखणं

खोक्यावरचं किंवा पट्टीवरचं नाव फसवं असतं. डी-लिंकचं डीएफई-५३०टीएक्स आणि डीएफई-५३०टीएक्स+ ही नावं एका अधिक चिन्हाने वेगळी, पण पहिल्यावर व्हाया ऱ्हाइन चिप आणि दुसऱ्यावर रिअलटेक ८१३९. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. म्हणून कार्ड बाहेर काढा आणि सर्वांत मोठ्या चौकोनी चिपवरचा क्रमांक वाचा. वर स्टिकर असेल तर सावकाश काढा.

पीसीआय कार्ड असेल तर खोलायचीही गरज नाही. पीसी सुरू होताना अवॉर्ड बायोस पीसीआय उपकरणांची यादी दाखवतो, तिथे पॉज बटण दाबा. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत दोन क्रमांक असतात: पहिला चिप किंवा कार्ड बनवणाऱ्याचा, दुसरा उपकरणाचा. ती यादी दिसत नसेल तर कार्ड दुसऱ्या पीसीत घालून लिनक्सच्या लाइव्ह सीडीवर एलएसपीसीआय ही आज्ञा चालवा, तेच क्रमांक मिळतील. वारंवार भेटणारे असे:

१०ईसी:८०२९ – रिअलटेक ८०२९, म्हणजे पीसीआयवरचं एनई२००० (नॉव्हेलचं जुनं कार्ड, ज्याच्या पुष्कळ नकला निघाल्या)
१०ईसी:८१३९ – रिअलटेक ८१३९
११८६:१३०० – तीच ८१३९, पण डी-लिंकच्या क्रमांकाने
८०८६:१२२९ – इंटेल प्रो/१००
१०बी७:९२०० – थ्रीकॉम ३सी९०५सी
१०२२:२००० – एएमडी पीसीनेट
११०६:३०६५ – व्हाया ऱ्हाइन २

तिसऱ्या ओळीकडे नीट बघा. चिप रिअलटेकचीच असली तरी कार्डावर डी-लिंकचा क्रमांक भरलेला आहे. रिअलटेकचा ड्रायव्हर स्वतःचाच क्रमांक शोधत असेल तर त्याला समोर असलेलं कार्ड दिसत नाही. अशा वेळी डी-लिंकच्या डिस्कवरचा ड्रायव्हर घ्या.

लिनक्सवर याच चिपचा आणखी एक घोळ आहे. १०ईसी:८१३९चं रिव्हिजन २० असेल तर ती ८१३९सी+ असते आणि तिला ८१३९टू ऐवजी ८१३९सीपी मॉड्यूल लागतं. कर्नलच्या लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहून येतं, फक्त वाचायला हवं.

डॉसमधल्या ड्रायव्हरच्या तीन जाती

बहुतेक गोंधळ इथे होतो.

पॅकेट ड्रायव्हर ही एकच छोटी फाइल असते, बहुधा कॉम प्रकारची. ती ०एक्स६० ते ०एक्स८० यांतल्या एका सॉफ्टवेअर इंटरप्टवर (प्रोग्राम ज्या क्रमांकाने ड्रायव्हरला हाक मारतात) बसते आणि काही केबी मेमरी घेते. एमटीसीपी (डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रामांचा संच) आणि वॉटटीसीपी या लायब्ररीवर बांधलेले प्रोग्राम यावर चालतात.

एनडीआयएस २ ड्रायव्हरच्या फाइलचा शेवट डॉस असा असतो आणि ती प्रोटोकॉल.आयएनआय या फाइलवर चालते. मायक्रोसॉफ्ट नेटवर्क क्लायंट ३.० ला हा लागतो.

ओडीआय नॉव्हेलचा, म्हणजे नेटवेअर बनवणाऱ्या कंपनीचा. आधी एलएसएल, मग कार्डाचा ड्रायव्हर, मग आयपीएक्सओडीआय, आणि सगळ्यांची मांडणी नेट.सीएफजीमध्ये. नेटवेअर सर्व्हरला जोडायचं तर हा.

आता खरी गंमत अशी की नॉव्हेलच्या ओडीआय ड्रायव्हरचं नाव एनई२०००.कॉम आणि क्रिनवर संग्रहातल्या पॅकेट ड्रायव्हरचं नावही एनई२०००.कॉम. कार्डाच्या फ्लॉपीवर दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि हाताला येते ती बहुधा चुकीची. ओळखायला सोपं आहे: फाइल नुसती चालवा. एलएसएल आधी चढवा अशी तक्रार आली तर ती ओडीआय. वापरायची पद्धत दाखवून पॅकेट इंटरप्ट मागितला तर तो पॅकेट ड्रायव्हर.

एखाद्या कार्डाला पॅकेट ड्रायव्हर मिळतच नसेल तर मधला दुभाषी वापरता येतो. ओडीआयपीकेटी हा ओडीआय ड्रायव्हरवर पॅकेट ड्रायव्हरसारखा वागतो, डीआयएस_पीकेटी हेच काम एनडीआयएस २ वर करतो. ओडीआयपीकेटी वापरताना नेट.सीएफजीमध्ये इथरनेट_आयआय हा फ्रेम प्रकार लिहिलेला असलाच पाहिजे. नेटवेअरच्या सवयीने तिथे फक्त ८०२.३ किंवा ८०२.२ असतं आणि मग आयपीचं एकही पॅकेट पुढे सरकत नाही.

मशीनच्या पीसीवरून फायली फक्त ने-आण करायच्या असतील तर पॅकेट ड्रायव्हर आणि एमटीसीपी हीच जोडी घ्या. मायक्रोसॉफ्टचा क्लायंट ६४० केबीतला मोठा तुकडा गिळतो आणि मग मशीनचं मूळ सॉफ्टवेअर मेमरी कमी म्हणून उघडत नाही. एमटीसीपीत टीसीपी/आयपीचा सगळा भाग प्रत्येक प्रोग्रामच्या आतच असतो. काम संपलं की मेमरी मोकळी.

चिपप्रमाणे पॅकेट ड्रायव्हरची नावं अशी: रिअलटेक ८१३९ साठी आरटीएसपीकेटी, थ्रीकॉम ३सी९०एक्स साठी ३सी९०एक्सपीडी, थ्रीकॉम ३सी५०९ साठी ३सी५एक्स९पीडी, एएमडी पीसीनेटसाठी पीसीएनटीपीके, इंटेल प्रो/१०० साठी ई१००बीपीकेटी, आणि एनई२०००च्या सगळ्या नकलांसाठी क्रिनवरचा एनई२०००.

आयओ पत्ता आणि आयआरक्यू

एनई२०००चा पॅकेट ड्रायव्हर चढवताना नावापुढे तीन आकडे क्रमाने लागतात: सॉफ्टवेअर इंटरप्ट, आयआरक्यू (कार्ड ज्या तारेवरून प्रोसेसरला वर्दी देतं तिचा क्रमांक), आयओ पत्ता (प्रोसेसर ज्या जागी कार्डाशी बोलतो ती). उदाहरणार्थ ०एक्स६०, मग १०, मग ०एक्स३००. ०एक्स लावला तर आकडा हेक्साडेसिमल, नाही लावला तर साधा दशमान. आयआरक्यू १० असताना ०एक्स१० लिहिलं की ड्रायव्हर त्याला १६ समजतो. आयओ पत्ता नुसता ३०० लिहिला की तो १२सी हेक्सवर कार्ड शोधतो. जुळणी बरोबर असूनही काही चालत नाही अशा तक्रारी आल्या की आधी ही ओळ तपासा.

ड्रायव्हर चढताना कार्डाचा मॅक पत्ता (कारखान्यात दिलेला त्याचा स्वतःचा क्रमांक) छापतो. तो वाचला की निम्मं निदान होतं.

सगळे एफएफ आले तर त्या आयओ पत्त्यावर कार्डच नाही. बसवर कुणी उत्तर देत नाही तेव्हा वाचलेला प्रत्येक बाइट एफएफ येतो. पत्ता चुकला आहे किंवा कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही.

मॅक पत्ता बरोबर आला पण पिंगला उत्तर नाही, तर आयआरक्यूवर संशय घ्या. आयओ पत्ता बरोबर असल्याने ड्रायव्हर कार्डाशी बोलतो, पॅकेट बाहेरही जातं, स्विचचा दिवाही लुकलुकतो. पण उत्तर आल्याची वर्दी ज्या तारेवर यायला हवी तिथे ड्रायव्हर ऐकतच नसतो.

पत्ता कुठला द्यायचा? एनई२००० कार्ड ३२ सलग पत्ते व्यापतं. ३०० हेक्स दिलं तर ३००पासून ३१एफपर्यंत, बहुधा सुरक्षित. ३२० दिलं तर पट्टा ३३एफपर्यंत जातो आणि साउंड कार्डाच्या एमपीयू-४०१ शी, म्हणजे ३३०शी भांडण होतं. ३६० सर्वांत वाईट: पट्टा ३७एफपर्यंत, आणि प्रिंटर पोर्ट ३७८वर बसलेला. मशीनच्या सॉफ्टवेअरचा डाँगल (परवान्याची किल्ली) त्याच पोर्टला असेल तर नेटवर्क चढवल्यावर डाँगल सापडत नाही आणि सगळे डाँगलला दोष देतात.

आयआरक्यूचंही तसंच. ३ हा कॉम २चा, ४ हा कॉम १चा, ५ बहुधा साउंड कार्डाचा, ७ प्रिंटरचा. अनेक नकली एनई२००० कार्डं कारखान्यातून आयआरक्यू ३ लावून येत, आणि मशीनशी बोलणारी सिरीयल केबल कॉम २ला असते. १६ बिट स्लॉट असेल तर १० किंवा ११ द्या. बायोसच्या पीएनपी/पीसीआय पानावर तोच आयआरक्यू लेगसी आयएसएसाठी राखून ठेवा, नाहीतर बायोस तो एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकतो. त्याच पानावर पीएनपी ओएस असा पर्याय असतो. डॉससाठी तो नो ठेवायचा.

जंपर असलेल्या कार्डावर हे आकडे जंपरने ठरतात. जंपर नसतील तर कार्डावरच्या छोट्या ईईप्रॉममध्ये लिहिलेले असतात आणि बदलायला कार्डाचाच सेटअप प्रोग्राम लागतो: रिअलटेक ८०१९एएससाठी आरसेट८०१९, थ्रीकॉम ३सी५०९बीसाठी ३सी५एक्स९सीएफजी. हे प्रोग्राम चालवताना सीडीसकट सगळे ड्रायव्हर बाजूला ठेवून पीसी सुरू करा आणि पॅकेट ड्रायव्हर चढवू नका. शुद्ध डॉसवर दोन्ही कार्डांचा प्लग अँड प्ले बंद करून आकडे पक्के करणं बरं.

३सी५०९चा ड्रायव्हर आयओ आणि आयआरक्यू ईईप्रॉममधून स्वतः वाचतो, त्यामुळे त्याला फक्त ०एक्स६० पुरतं. आयएसएत हे कार्ड मिळालं तर सोडू नका.

मेमरीबद्दल एक. एनई२००० प्रकारचं कार्ड प्रोसेसरकडूनच डेटा हलवून घेतं, त्याचा ड्रायव्हर लोडहायने ६४० केबीच्या वर चढवला तरी चालतो. पीसीनेट, ८१३९, ३सी९०५ ही कार्डं मेमरीत स्वतः लिहितात. ईएमएम३८६ या डॉसच्या मेमरी मॅनेजरने तयार केलेल्या वरच्या मेमरीचा प्रत्यक्ष पत्ता वेगळाच असतो, कार्ड भलत्याच जागी लिहितं आणि पीसी अडकतो किंवा कचरा येतो. हे ड्रायव्हर खालच्या मेमरीतच ठेवा. जुन्या एसएमसी किंवा वेस्टर्न डिजिटल ८०१३ कार्डाचा प्रश्न उलटा: त्याची १६ केबी मेमरी डी०००वर दिसते, म्हणून ईएमएम३८६ला डी००० ते डी३एफएफ हा पट्टा वगळायला सांगावा लागतो.

एमटीसीपीची मांडणी

ड्रायव्हर चढल्यावर एमटीसीपीचा पीकेटीटूल स्कॅन या शब्दासह चालवा. कुठल्या इंटरप्टवर कोणता ड्रायव्हर आहे ते तो सांगतो. तिथे काही दिसलं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

मांडणीची फाइल साधा मजकूर असते. प्रत्येक ओळीत नाव, जागा, किंमत. मध्ये बरोबरचं चिन्ह नको. किमान पॅकेटइंट ०एक्स६० ही ओळ हवी. फाइल कुठे आहे ते एमटीसीपीसीएफजी या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सेट करायचं, आणि इथे मात्र बरोबरचं चिन्ह हवं पण त्याच्या आजूबाजूला जागा नको. डॉस ती जागा नावाचाच भाग धरतो आणि मग व्हेरिएबल सापडत नाही. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, मूळचा ५७६ बाइट असतो. स्थानिक नेटवर्कवर १५०० करा, फाइली लक्षात येईल इतक्या लवकर जातात.

वॉटटीसीपीचे प्रोग्राम ही फाइल वाचत नाहीत. त्यांना वॉटटीसीपी.सीएफजी वेगळी लागते आणि तिथे नावापुढे बरोबरचं चिन्ह असतं. एकीकडचे नियम दुसरीकडे लावू नका.

पहिली पिंग राउटरला करा. विंडोज १० किंवा ११च्या पीसीला केलेली पिंग त्याची फायरवॉल सहसा गिळून टाकते, आणि नेटवर्क ठीक असताना लोक पुन्हा जंपर हलवायला बसतात.

दिवा लागत नाही, किंवा लागतो पण फाइल रांगते

गोल बीएनसी आणि आरजे४५ दोन्ही असलेलं कार्ड जुन्या मालकाने बीएनसीवर लावून ठेवलेलं असू शकतं. सेटअप प्रोग्राममध्ये टीपी (म्हणजे आरजे४५) किंवा ऑटो निवडा.

नवीन स्विच घेताना डबा वाचा. २.५ गिगाबिटच्या बऱ्याच पोर्टना १० एमबीपीएस समजतच नाही, त्यामुळे आयएसए कार्डाचा दिवा लागणार नाही. जुना १०/१०० स्विच मध्ये टाकला की प्रश्न मिटतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा घरच्या अडगळीत असा स्विच मिळून जातो.

पिंग व्यवस्थित पण मोठी फाइल अडखळत जाते, हा डुप्लेक्सचा घोळ. जुनं कार्ड वेगाची बोलणी करत नाही, तेव्हा स्विच नियमानुसार हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच बाजू बोलते) धरतो. कार्डाच्या सेटअपमध्ये कुणी हौसेने फुल डुप्लेक्स केलेलं असेल तर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, टक्करी होतात, पॅकेटं पुन्हा पाठवावी लागतात. कार्ड हाफवर ठेवा. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी, तेही कागदावर. आयएसए आणि जुनी हार्ड डिस्क त्यातलं बरंच खातात. मशीनच्या प्रोग्रामसाठी तेवढं भरपूर आहे.

काल चालत होतं, आज नाही

दर काही दिवसांनी परत येणाऱ्या तक्रारीत आधी मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी बघा. ती संपली की बायोसमधलं आयआरक्यूचं आरक्षण पुसलं जातं, पीसीआय कार्ड तोच आयआरक्यू घेऊन बसतं आणि तारीख १९८०वर जाते.

तारखेमुळे दुसरंही बिघडतं. राउटरकडून पत्ता मागणारा एमटीसीपीचा डीएचसीपी प्रोग्राम मिळालेला पत्ता, मुदत आणि वेळेचा शिक्का मांडणीच्या फाइलमध्ये लिहितो. बाकीचे प्रोग्राम तो तपासतात. घड्याळ चुकलं की हा हिशेबही चुकतो. घड्याळ बरोबर असलं तरी मुदत संपल्यावर डीएचसीपी पुन्हा चालवावा लागतो, तो आपोआप मागे चालत राहत नाही. मशीनच्या पीसीला कायमचा पत्ता द्या: आयपीएड्रेस, नेटमास्क आणि गेटवे या ओळी हाताने लिहा (आयपीएड्रेस म्हणजे फाइलमधलं आयपीएडीडीआर), आणि तो पत्ता राउटर वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा निवडा. पट्ट्यातलाच निवडला तर कधीतरी कुणाचा तरी मोबाइल तोच पत्ता घेईल, आणि पीसीचं नेटवर्क फक्त त्या माणसाच्या पाळीत बंद पडेल.

विंडोज ९५ आणि ९८

एनई२००० साठी ड्रायव्हर आत असतो, पण विंडोज आयओ आणि आयआरक्यूचे आकडे मनानेच भरतो. डिव्हाइस मॅनेजरमधल्या रिसोर्सेस पानावर ते कार्डाच्या खऱ्या आकड्यांशी जुळवा. चांदणी दिसली म्हणजे तिथे भांडण आहे. विंडोजमध्ये कार्ड चालतं म्हणून डॉस मोडमध्ये चालेल असं नाही, तिथे पॅकेट ड्रायव्हर वेगळा चढवावा लागतो. २.१ गिगाहर्ट्झहून वेगवान प्रोसेसरवर विंडोज ९५ सुरू होतानाच एनडीआयएसमध्ये प्रोटेक्शन एरर देतो. तिथे कार्ड बदलून उपयोग नाही, त्या दोषाचा पॅच लावावा लागतो.

पलीकडचा संगणक

फाइल शेअरिंगचा आग्रह सोडा. विंडोज ९८ आणि डॉसचा क्लायंट एसएमबी १ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल बोलतात. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवलेलाच नसतो, आणि लिनक्सवर तेच काम करणाऱ्या सांबाने २०१९मधल्या ४.११ आवृत्तीपासून तो बंद ठेवला आहे. ऑफिसच्या पीसीवर तो पुन्हा चालू करणं म्हणजे सगळ्या ऑफिसचं दार उघडं टाकणं. जुन्या एसएसएच प्रोग्रामचीही तीच गत: त्यांना येणाऱ्या किल्ली-देवाणघेवाणीच्या पद्धती आजचा सर्व्हर नाकारतो.

एफटीपी मात्र दोन्हीकडे आहे. डॉसच्या पीसीवर एमटीसीपीचा एफटीपीएसआरव्ही चालवा आणि ऑफिसच्या पीसीवरून फाइलझिलाने जोडा. एन्क्रिप्शनच्या जागी साधा एफटीपी निवडायला विसरू नका. किंवा ऑफिसकडे एफटीपी सर्व्हर ठेवून डॉसकडून फाइल ओढा, त्यामुळे मशीनचा पीसी इतर वेळी त्याच्या कामाला मोकळा राहतो. फाइलचं नाव आठ अक्षरं आणि तीनचा शेवट एवढंच ठेवा, मध्ये जागा नको. एक्सई, झिप यांसारख्या फाइली नेताना बायनरी मोड आहे ना ते बघा, नाहीतर ओळींचे शेवट बदलून फाइल खराब होते.

एफटीपीचा पासवर्ड तारेवर उघडा जातो, म्हणून या पीसीला इंटरनेट देऊ नका. दोन नेटवर्क कार्डं असलेला लिनक्सचा एक पीसी मध्ये ठेवता येतो: मशीनच्या बाजूला एफटीपी, ऑफिसच्या बाजूला आजचा सांबा, फोल्डर एकच.

कार्डाचा ड्रायव्हर कुठेच मिळत नसेल तर ते शोधण्यात आठवडा घालवण्यापेक्षा कार्डच बदला. आयएसए स्लॉटला ३सी५०९बी किंवा ८०१९एएस, पीसीआयला इंटेल प्रो/१०० किंवा ३सी९०५सी. स्लॉटच मोकळा नसेल तर प्रिंटर पोर्टला लागणारं झिरकॉमचं पॉकेट इथरनेट अॅडाप्टर ३ असतं, त्याचा पॅकेट ड्रायव्हर पीई३पीडी. वेग कमी, आणि तो पोर्ट डाँगलने अडवलेला नसावा.